रहमतबीचे चौदा गुण

रहमतबीला तीसपैकी चौदा गुण पडले, तेव्हा समीक्षाने आधी दोष चाचणीला दिला.

तसं वाटायला कारण होतं. पार्किन्सन झालेल्या माणसाचे हात कापतात, चाल अडते, हे कुणालाही दिसतं. पण त्याच्या स्मरणावर, लक्षावर किती परिणाम झाला हे दिसत नाही. ते मोजणारी एक इंग्रजी चाचणी नांदेडचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. श्रीमंत बिरादार मराठीत आणत होते. नुसत्या भाषांतराने भागणार नव्हतं. साठ रुग्ण आणि त्यांच्याच वयाची, तेवढीच शिकलेली साठ निरोगी माणसं तपासायची होती. निरोगी माणसांना चांगले गुण पडायला हवे होते, आणि रुग्णाला तीन आठवड्यांनी परत बसवलं तर जवळपास तेवढेच. तसं झालं तरच चाचणी भरवशाची ठरणार होती. माणसं बसवून गुण देण्याचं काम समीक्षा सूर्यवंशीकडे होतं. ती मुखेडची, नांदेडला मानसशास्त्रात एम.ए. झालेली.

भाषांतराचा पहिला मसुदा तिने स्वतःच्या आईवर करून पाहिला होता. सरजाबाईने सगळा जन्म लोकांच्या रानात खुरपण्यात काढलेला. घड्याळ काढ म्हटल्यावर तिने पेन्सिल मुठीत धरली. "म्या कधी पेन्सिल धरली का, माय? दिवस कुठवर आलाय ते सांगते, ते लिही." त्या दिवशी सरजाबाईला सतरा गुण पडले आणि कागदावर ती विसराळूपणाची रुग्ण ठरली. जिला अर्ध्या गावाच्या तीन पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ होती ती. समीक्षा मग डॉक्टरांशी भांडली. बर्फातल्या अस्वलाच्या चित्राच्या जागी देवणी जातीचा वळू आला. स्वातंत्र्याच्या तारखेऐवजी किल्लारीच्या भूकंपाचं साल विचारायचं ठरलं. न शिकलेल्या बायकांना आता वीस-बावीस गुण पडू लागले होते.

डॉक्टर दर गुरुवारी लातूरला येत. ट्यूशन एरियात त्यांनी एक गाळा घेतला होता. एका बाजूला फिजिक्सचा क्लास, दुसऱ्या बाजूला बायोलॉजीचा. २०१२ सालचा जानेवारी होता, बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि दोन्ही क्लास सकाळपासून माईकवर चालत. मकबूल शेख तिथेच पहिल्यांदा आले. सदुसष्ट वर्षांचे, पूर्वी शिंपीकाम करायचे. सात वर्षांपासून पार्किन्सन. चौथीपर्यंत शिकलेले. थरथरत्या हाताने त्यांनी घड्याळ काढलं, सावकाश, प्रत्येक आकड्याला थांबून. तेवीस गुण पडले.

सोबत त्यांची बायको रहमतबी होती. दुसरीत शाळा सुटलेली, बासष्ट वर्षांची. अशी निरोगी बाई समीक्षाला हवीच होती.

"चाची, तुमची आठवण कशी आहे? काही विसरायला होतं का?"

"माझी?" रहमतबी हसली. "क्लासच्या बावीस पोरांचे डबे करून राहिले मी. कुणाला भात नक्को, कुणाला तिखट नक्को, सगळं डोक्यात हाय."

नियमाप्रमाणे समीक्षाने घरच्या माणसालाही विचारलं. मकबूलचाचा घाईने म्हणाले, "तिला काही झालं न्हाई. तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं हाय."

चाचणी सुरू झाली. समीक्षाने पाच शब्द वाचले: कंदील, पेरू, विहीर, कात्री, शाळा. रहमतबीने दोनदा नीट म्हणून दाखवले. मग ऐकून परत म्हणायचे आकडे आले, आणि नेमका भिंतीपलीकडचा मास्तर माईकवर आकडेच ओरडू लागला. त्यात तिचे आकडे वाहून गेले. भूकंपाचं साल तिला आलं नाही. पण ती सांगू लागली. "गणपती बुडवून लोक घरी आले, त्याच पहाटे. भांडी फळीवरून खाली आली. कहकशां दहा वर्षांची होती, तिला उचलून मी रस्त्यावर. हे तिकडं गेले शिलाईचं मशीन घेऊन, अकरा दिवस तंबूचं कापड शिवलं. परत आले तर चार दिवस बोलले न्हाईत."

साल आलं नाही म्हणून शून्य द्यायचा होता. समीक्षाने शून्य दिला आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं, आठवण उत्तम.

मग तिने मघाचे पाच शब्द विचारले.

"कुठले शब्द?" रहमतबी म्हणाली.

"मघाशी सांगितले ते. तुम्ही म्हणूनही दाखवले."

"तू कुठं सांगितले, बेटी?"

समीक्षाने मदतीला खुणा दिल्या. एक उजेडाची वस्तू होती. एक फळ होतं. रहमतबी तिच्याकडे बघत राहिली. मग मकबूलचाचांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

*

"चौदा?" नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर बिरादारांनी फॉर्म उलटसुलट केला. "घरात दखनी बोलतात ना? शिवाय माईकचा गोंगाट. भाषेची अडचण म्हणून लिही आणि वगळ. दुसरी बाई शोध."

हे समीक्षाचंच म्हणणं होतं. गेलं वर्षभर ती डॉक्टरांना हेच ऐकवत आली होती, की बाई नापास झाली तर आधी पेपर तपासा. तरीही तिचा हात पेनापाशी थांबला.

"सर, आकडे माईकमुळे गेले असतील. साल शाळा सुटल्यामुळे गेलं. पण शब्द? माझ्या आईला पाचातले चार आठवले होते. राहिलेला एक खूण दिल्यावर आला. ह्यांना शब्द सांगितले होते हेच आठवत नव्हतं."

"त्यांना तक्रार आहे का? नवऱ्याला आहे का?"

"नाही."

"मग एका चौदावर घर बांधू नको. एकतीस मार्चला सगळं पुण्याच्या समितीकडे जायचंय. अजून एकोणीस माणसं व्हायचीत."

समीक्षाने फॉर्मवर 'भाषेची अडचण' असं लिहिलं. पण तो वगळलेल्या फायलीत न टाकता तिने आपल्या पिशवीत ठेवला. लातूरच्या एसटीत बसल्यावर तिने तो दोनदा काढून पाहिला.

*

तीन आठवड्यांनी मकबूलचाचा पुन्हा आले, तेव्हा दारातच समीक्षाला ते ओळखू आले नाहीत. मान, खांदे, पाय, सगळं अंग वळवळत होतं. कापणं नव्हतं ते, कुणीतरी आतून ओढावं तसं होतं. त्यांना धरून त्यांची मुलगी कहकशां आली होती, मागे रहमतबी. ती शेजारच्याच क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची आणि दोन तासांच्या मधल्या वेळात धावत आली होती.

खुर्चीवर बसल्यावर चाचा हवेतून काहीतरी वेचू लागले. दोन बोटांच्या चिमटीत धरायचे, मांडीवर ठेवायचे.

"काय आहे चाचा?"

"धागे. कुणी सोडलेत इतके?"

चाचणी कशीबशी झाली. पंधरा गुण. तीन आठवड्यांत आठ गुणांची घसरण. आजार एवढ्या वेगाने पुढे जात नसतो. मग गुण देणारीचं चुकलं असणार, किंवा चाचणीचं. नाहीतर तिसरंच काही.

डॉक्टरांनी तपासलं. "गोळ्या कशा देता?"

"चार टायमाला," रहमतबी म्हणाली. "सातला, अकराला, तीनला, परत सातला. मी सौता देते. एक बी चुकत न्हाई."

"चाचा, बरोबर?"

"हाव. बरोबर."

हे गोळ्या जास्त झाल्यावर होतं, असं म्हणत डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली आणि आठ दिवसांत फरक पडला नाही तर भरती करू म्हणाले. बाहेर पडताना कहकशां वैतागून बोलली, "त्या गोळ्या तरी धड पुरतात का. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपतात. अम्मी म्हणते, मेडिकलवाला पट्ट्या कमी देतो."

 समीक्षा तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. "सर, गोळ्या दोनदा जातायत. चाची दिलेलं विसरतात आणि परत देतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तू पाहिलंस?"

"नाही."

"मग हा अंदाज आहे. पण खरा असेल तर माणूस पडेल, कंबर मोडेल, किंवा भ्रमात रस्त्यावर जाईल. खोटा असेल तर आपण एका चांगल्या बाईवर डाग लावला." त्यांनी चष्मा काढला. "मुलीशी बोल. जपून बोल. आजच."

कहकशांचा तास सुटेपर्यंत समीक्षा जिन्यात उभी राहिली. दीडशे पोरं तिच्या अंगावरून खाली उतरली. मग रिकाम्या वर्गात, फळ्यावर हृदयाची आकृती तशीच असताना, तिने सगळं सांगितलं. चौदा गुण, पाच शब्द, वीस दिवसांत संपणाऱ्या गोळ्या.

 कहकशांने फळा पुसायला घेतला.

"ह्या गावात सगळ्यांचं मोजमाप पेपरवरच होतं," ती पाठमोरीच म्हणाली. "माझी आई दुसरी शिकली. तुमच्या पेपरात नापास झाली म्हणून ती अब्बांना मारायला निघाली, असं म्हणायचं तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही. माझी आई एकही इयत्ता शिकलेली नाही, ताई. पेपरावरून मला कुणालाच काही ठरवायचं नाही. पेपर बाजूला ठेवा. रविवारी सकाळी घरी बसा. दहा ते बारा. काही बोलू नका, नुसतं बघा. काही दिसलं नाही तर मी येऊन चाचींची माफी मागते."

"तुम्ही पण या," कहकशां म्हणाली. "माफी तिथंच मागा. आणि मी बोलेपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही."

*

रविवारी पोरांचे डबे सकाळीच जायचे. छोटं घर, पुढची खोली, मागे स्वयंपाकघर. बावीस डबे भिंतीपाशी ओळीने मांडलेले. मकबूलचाचा दाराजवळच्या पलंगावर बसले होते, अंग वळवळत होतं. मुलगी आली म्हणून रहमतबी खूश झाली. समीक्षाला पाहून जरा थबकली, मग म्हणाली, "बस बेटी. चहा घेशील ना?"

ती डबे भरू लागली. एकेक झाकण लावून बाहेरच्या खोलीत आणायची, क्षणभर घुटमळायची. मकबूलचाचा हळू आवाजात म्हणायचे, "निलंग्याचा." किंवा, "अहमदपूरचे दोघे भाऊ." ती मान हलवायची आणि चिठ्ठी लावायची. कहकशां हे बघत होती. डब्यांची नावं अब्बा सांगतात हे तिला आज कळत होतं. समीक्षाने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

अकरा वाजले. रहमतबी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली. "घ्या जी." चाचांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. ती आत गेली.

चहा आला. चहात साखर नव्हती. कहकशां काही बोलली नाही, प्यायली.

साडेअकरा झाले. आत कुकरची शिट्टी झाली. समीक्षाला वाटू लागलं, आपलंच चुकलं. शेजारी कहकशांच्या चेहऱ्यावर हळूहळू सैलपणा येत होता. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पर्स मांडीवर घेतली.

तेवढ्यात रहमतबी पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता आणि गोळी. "अगबाई, बोलत बसले आणि अकराची दवाई राहिली. घ्या जी."

 समीक्षाने खुर्चीची कड घट्ट धरली. शब्द दिला होता म्हणून तिने तोंड उघडलं नाही, आणि गोळी चाचांच्या तळहातावर पडली. चाचांनी मुलीकडे पाहिलं. मग समीक्षाकडे. ह्या दोघी आज का येऊन बसल्या, ते त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. आणि इतके दिवस ज्या हाताला साधा घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, त्या हाताने त्यांनी झटकन गोळी तोंडात टाकली.

"अब्बा, ही दुसरी आहे," कहकशां म्हणाली.

त्यांनी ओठ मिटून मान हलवली. न्हाई.

"अब्बा, तोंड उघडा."

"पहिलीच हाय," ते गोळी जिभेखाली धरून बोलले. "पहिली कुठं दिली? तिनं आत्ताच दिली."

कहकशां उठली, पलंगावर गुडघा टेकवला आणि लहान मुलाच्या तोंडातून खडा काढावा तसं बोट घालून गोळी काढली. ती अर्धी विरघळली होती. तिने ती तळहातावर धरली. 

रहमतबी पेला घेऊन उभी होती. "काय झालं? दवाई कायकू काढली?"

 तिने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं. मग आत गेली आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आली. ती नवी पट्टी कहकशांने आज आल्यावर स्वतःच्या हाताने काढून दिली होती. त्यात दोन घरं रिकामी होती. रहमतबीने त्या दोन भोकांवरून अंगठा फिरवला.

"म्हंजे मेडिकलवाला कमी देत नव्हता," ती म्हणाली.

ती खाली, डब्यांच्या शेजारी बसली.  एक पोरगा डबा न्यायला आला तेव्हा कहकशांने त्याला थोड्या वेळाने ये म्हणत दारातूनच परत पाठवलं. चाचा पलंगावरून उतरायचा प्रयत्न करत होते, पण पाय ऐकत नव्हते. समीक्षाने त्यांना धरून खाली बसवलं, बायकोच्या शेजारी.

"रमजानपासून हे असं. आधी कधीमधी, आता रोज," ते कुणाकडे न बघता बोलू लागले. "एक बार मी सांगितलं तिला, ही दुसरी हाय. तर ती दिवसभर जेवली न्हाई. पट्टीच मोजत बसली. मग मी सांगणं सोडलं. एक गोळी जास्त गेली तर काय, अंग हलतं. हलू दे म्हटलं." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुला कळलं असतं तर तू डबे बंद केले असते. डबे बंद झाले तर ही दिवसभर करणार काय? बसून बसून सगळंच विसरंल."

"आणि तुम्ही पडला असता तर?" कहकशां म्हणाली. तिचा आवाज मोठा झाला नाही. "तुम्हाला काही झालं असतं तर अम्मीला मी काय सांगणार होते? की तूच दिलंस?"



रहमतबीने समीक्षाकडे बोट केलं. "हिला कसं कळलं?"

"तुमच्या चाचणीवरून," समीक्षा म्हणाली. "पण मी तीन आठवडे गप्प बसले, चाची. मला वाटलं, आमचा पेपरच चुकीचा आहे."

"तू जा आता," रहमतबी म्हणाली.

समीक्षा गेली. एसटी स्टँडवर पोहोचेपर्यंत तिला रडू आलं नाही. तिथे आलं.

*

गोळ्या आता कहकशां आदल्या दिवशी चार कप्प्यांच्या डबीत घालून ठेवू लागली. दहा दिवसांत चाचांचं अंग शांत झालं, धागे दिसायचे थांबले. महिन्याने त्यांना पुन्हा बसवलं तेव्हा बावीस गुण पडले. चाचणी खोटी नव्हती. रहमतबीच्या रक्तात बी-बारा फार कमी निघालं आणि तिला इंजेक्शनं सुरू झाली. त्याने थोडं परत आलं. सगळं येणार नाही, हे डॉक्टरांनी कहकशांला लपवून ठेवलं नाही. विसरण्याचा आजार सुरू झाला होता. डबे बंद झाले नाहीत. बावीसचे आठ झाले, आणि भाजी चिरायला व भात उतरवायला शेजारची गुरम्मा येऊ लागली.

पिशवीतला फॉर्म समीक्षाने डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी 'भाषेची अडचण' वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'घरच्यांच्या सांगण्यावर विसंबून निरोगी गटात चुकीने घेतले. चूक आमची.' मग ते म्हणाले, "असे अजून किती घेतले असतील आपण?"

एकेचाळीस निरोगी माणसं होऊन गेली होती. समीक्षा प्रत्येकाच्या घरी परत गेली. निलंगा, उदगीर, मुखेड. प्रत्येक ठिकाणी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारलं, एकमेकांसमोर न बसवता. उदगीरचा एक आडत्या दोन वर्षांपासून दुकानाची वाट विसरत होता आणि त्याची सून त्याला रोज गुपचूप आणत होती. त्यालाही गटातून काढून डॉक्टरांकडे पाठवलं. एकतीस मार्च हुकला. समितीचं एक खरमरीत पत्र आलं. काम जूनमध्ये गेलं.

जुलैतल्या एका गुरुवारी समीक्षा गाळ्यात शिरत होती, तर बाहेरच्या बाकावर मकबूलचाचा आणि रहमतबी बसलेले. त्या रविवारनंतर रहमतबी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. समीक्षा मान खाली घालून पुढे जाऊ लागली.

"तूच ना ती, पेपर घेणारी?"

"हाव, चाची."

"बस हिथं."

ती बसली. भिंतीपलीकडे नवी बॅच सुरू झाली होती, मास्तर पोरांना पहिल्या दिवसाच्या सूचना देत होता. रहमतबीने आवाज खाली केला. चाचांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "मुलगी गोड बोलते. डॉक्टर पण. तू खरं सांग. पुढं जाऊन मी ह्यांना पण विसरीन का?"

ओठांवर आलेलं 'नाही' समीक्षाने गिळलं. "होऊ शकतं, चाची. कधी ते मला सांगता येत नाही. लगेच नाही."

 रहमतबी समोरच्या भिंतीवरच्या क्लासच्या जाहिरातीकडे बघत राहिली, पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो होते त्यावर.

"मग तवर मीच आणीन ह्यांना हिथं," ती म्हणाली. "कहकशांचे तास असतात."

आतून मकबूल शेख असा पुकारा झाला. ती उठली, चाचांच्या काखेत हात घातला, आणि दोघं पायरीपाशी थोडी थांबून, मग बरोबरीने, आत गेली.